वाचलं तर कळतं, ऐकलं तर नाही

दोन महिन्यांपूर्वी याच सदरात मी ओघात लिहून गेले होते, "नवी भाषा सुरू केलीत की पहिले तीन आठवडे पुस्तक उघडूच नका, नुसतं ऐका." ओळ एक, पत्रं ढीगभर. काहींनी करून पाहिलं, काही वैतागले, आणि माझ्याच पेशातल्या, भाषा शिकवणाऱ्या एका बाईंनी माझी चांगली हजेरी घेतली. त्यांचं पत्र मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण त्यांना उत्तर देताना मला थोडी माघार घ्यावी लागणार आहे.

प्रश्न : मी जर्मनची बी-वन परीक्षा दिली. वाचनात ८८, लेखनात ७९ आणि लिसनिंगमध्ये ४२. पास व्हायला ६० लागतात. व्याकरण पक्कं आहे, शब्दांची कार्डं करून हजारो शब्द पाठ केलेत. रोज जाता-येता दोन तास हेडफोन लावून जर्मन रेडिओ ऐकतो. तरी ऑडिओ सुरू झाला की सगळं एकसलग घरंगळत जातं. नंतर लिखित मजकूर पाहिला की डोक्यावर हात मारतो, कारण त्यातला एकही शब्द नवा नसतो. आणखी किती तास ऐकू?

आणखी नको. कमी ऐका.

"एकही शब्द नवा नसतो" हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, पण तुमच्या दुखण्याचं निदान त्यातच आहे. तुम्हाला शब्द डोळ्यांनी माहीत आहेत. कागदावर दोन शब्दांच्या मध्ये कोरी जागा असते. बोलण्यात ती नसते. आपल्या भाषेत ती असते असं आपल्याला वाटतं, एवढंच. मराठी शिकणारा परदेशी माणूस पुस्तकात "काय करत आहेस?" शिकतो आणि रस्त्यावर त्याला ऐकू येतं "कायकर्तोयस". त्यात 'आहेस' कुठे गेलं, हे तो शोधत बसतो. जर्मन माणूसही तेच करतो. पुस्तकातलं 'हाबेन वीर' त्याच्या तोंडी 'हामवा' होतं, 'हास्ट डू'चं 'हास्टे' होतं. तुम्ही 'हाबेन'ची वाट पाहत थांबता आणि तोवर पुढची दोन वाक्यं निघून जातात.

सलग आवाजाचे तुकडे पाडणं हे कानाचं पहिलं काम, आणि ते शिकावं लागतं. १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना यंत्राच्या सपाट आवाजात दोन मिनिटं एक निरर्थक माळ ऐकवली : बिदाकूपादोतीगोलाबूबिदाकू... कुठे थांबा नाही, कुठे जोर नाही. 'बि'नंतर 'दा' दरवेळी येतो, पण 'कू'नंतर काय येईल याचा नेम नाही, एवढाच काय तो धागा. तेवढ्यावर बाळांनी 'शब्द' कुठे संपतो ते हेरलं. पुढे तीच अक्षरं शब्दाच्या मध्येच तोडून ऐकवली तेव्हा त्यांना ती नवखी वाटली. तेव्हा हे आपल्या कानाच्या आवाक्याबाहेरचं नाही. मात्र त्या बाळांना दोन मिनिटं दुसरा उद्योग नव्हता. तुम्ही रेडिओ ऐकताना रस्ता ओलांडता, मेसेज बघता, मनात ऑफिसचा हिशेब मांडता. जे कळत नाही आणि ज्यावाचून काही अडत नाही, त्याला डोकं पंख्याच्या घरघरीसारखं बाजूला टाकतं. रोज दोन तास तुम्ही जर्मन न ऐकण्याचा सराव करताय, असं म्हटलं तर रागावू नका.

आता करायचं काय? चाळीस सेकंदांचा एक तुकडा घ्या, ज्याचा लिखित मजकूर तुमच्याकडे आहे असा. मजकूर उलटा करून ठेवा. एकदा नुसतं ऐका. मग वही घ्या आणि जे ऐकू येतं ते लिहायला लागा, शाळेत शुद्धलेखन घालत तसं. थांबवा, मागे घ्या, पुन्हा ऐका. सात-आठ वेळा. कळलं नाही तिथे रेघ ओढा, पण ती रेघ तेवढ्याच लांबीची ओढा. मग मजकूर सुलटा करा आणि लाल पेनानं तपासा. चुकलेल्या प्रत्येक शब्दापाशी एकच प्रश्न विचारा : हा मला माहीत नव्हता, की माहीत असून ओळखू आला नाही? माझ्या वर्गातल्या वह्यांमध्ये दुसऱ्या प्रकारचं लाल नेहमी जास्त असतं. त्यातला प्रत्येक शब्द मजकूर समोर ठेवून पुन्हा ऐका, तो 'हामवा' कानात बसेपर्यंत. अर्धा तास लागेल आणि माणूस दमतो. दमलात तर बरोबर चाललंय असं समजा.

आणि वाक्य संपेपर्यंत ऐका. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, माझं तोंड चांगलं पोळलेलं आहे. जर्मनमध्ये क्रियापदाचा एक तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो आणि अख्खा अर्थ त्याच्या हातात असतो. या 'ट्रेनबार' क्रियापदांवर मला परीक्षेत पैकीच्या पैकी होते. पुढे पहिल्याच नोकरीत, पहिल्याच आठवड्यात, एका जर्मन इंजिनिअरचा फोन आला. लँडलाइनचे दिवस. ते म्हणाले, "इष रूफे झी ग्लाइष त्सुरुक." म्हणजे, मी तुम्हाला लगेच परत फोन करतो. मला 'रूफे झी' ऐकू आलं, 'मी त्यांना बोलावतो' असा त्याचा अर्थ मी लावून टाकला आणि येणाऱ्या माणसाशी काय बोलायचं त्याची वाक्यं मनात जुळवायला लागले. शेवटचं 'त्सुरुक' माझ्यापर्यंत पोचलंच नाही. कानात टूं-टूं वाजत होतं, ते मला त्यांच्याकडची होल्डची खूण वाटली. वीस मिनिटं मी रिसीव्हर कानाला लावून 'त्यांची' वाट पाहत बसले, आणि तिकडे ते वीस मिनिटं आमचा नंबर फिरवत होते. एंगेज लागत होता.

त्या दिवशी मी ऐकत नव्हते, उत्तराची तयारी करत होते. परीक्षेतही हेच होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की आपण त्यावर खूण करत बसतो आणि दुसऱ्याचं उत्तर डोक्यावरून जातं. जर्मनमध्ये 'त्सूहोरेन' म्हणजे लक्ष देऊन ऐकणं आणि 'आउफहोरेन' म्हणजे थांबणं. 'होर' दोन्हीत तेच, आणि फरक सांगणारं अक्षर वाक्याच्या टोकाला. (त्या 'त्सू'ला घाबरू नका, आपल्या 'चमच्या'तला च म्हणा. मराठी माणसाला हा आवाज जन्मतः फुकट मिळालेला असतो.)

आकड्यांवर मार्क घालवू नका, एवढं मात्र बजावते. फ्युन्फउंडड्रायसिश म्हणजे पाच-आणि-तीस. पस्तीस. आपल्यालाही आधी एकम् आणि मग दहम् ऐकायची सवय आहे, मग मध्ये इंग्रजीला कशाला आणायचं? जर्मन ऐकून थेट मराठीत आकडा लिहा. आणि कोणी 'त्स्वो' म्हणालं तर तो दोनच असतो. 'त्स्वाय' आणि 'ड्राय'मध्ये गोंधळ होऊ नये म्हणून फोनवर तसं म्हणतात.

प्रश्न : ताई, माझं वय ६३. मुलगी जपानमध्ये असते, नात पाच वर्षांची. तिच्याशी बोलता यावं म्हणून जपानी शिकतेय. परवा मी व्हिडिओ कॉलवर मोठ्या ऐटीत स्वतःला "ओबासान" म्हटलं, तर ती हसत सुटली. म्हणे, आजी, तू स्वतःला काकू का म्हणतेस? ती दोन्ही शब्द म्हणून दाखवते, मला दोन्ही सारखेच ऐकू येतात. या वयात कान तयार होतात का, की मी नाद सोडू?

तुम्हाला 'काकू' म्हणायचा मोह होतोय, पण आवरते.

कान म्हातारा झाला म्हणून हे होत नाहीये. तो मराठीत मुरलाय म्हणून होतंय, आणि ते मुरणं पाळण्यातच सुरू झालं होतं. १९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना येईनासा झाला. ज्या आवाजांनी घरातल्या भाषेत अर्थ बदलत नाही, त्यांतला भेद वर्षभराचं मूल सोडून द्यायला लागतं. इंग्रजी माणसाला 'ताट' म्हणायला सांगून बघा. त्याला दोन वेगळी अक्षरं मुळात ऐकूच येत नाहीत, मग जिभेला दोष देऊन काय उपयोग? तसंच 'मूल' आणि 'मूळ'चं. आपल्याला हा फरक ढळढळीत वाटतो, आणि मराठी शिकणारा बिचारा आपल्याकडे बघत राहतो.

तुमच्या बाबतीत गाडं अडलंय ते स्वराच्या लांबीवर. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो खरे, पण बोलताना ते फारसे पाळत नाही. पाळत असतो, तर शुद्धलेखनात इतके मार्क गेले असते का? 'दिन' की 'दीन' हे आपण कानानं ठरवत नाही, आठवून लिहितो. जपानी मात्र लांबी मोजते. ओ-बा-सा-न या चार मात्रा, ओ-बा-आ-सा-न या पाच. तेव्हा नातीला म्हणायला सांगा आणि तुम्ही टाळ्या वाजवा. काकूला चार, आजीला पाच. तिनं मध्येच फसवायला उलटसुलट म्हणावं, तुम्ही नुसत्या टाळ्यांनी उत्तर द्यावं. तोंडानं म्हणायची घाई नको. 'किते' (ये) आणि 'कित्ते' (टपाल तिकीट) ही जोडी तुम्हाला सोपी जाईल, कारण पक्का, सच्चा म्हणणाऱ्या कानाला जोडाक्षराचा आघात चांगला कळतो.

आणि प्रौढांचे कान तयार होतात, याला चांगला आधार आहे. इंग्रजीतले र आणि ल जपानी माणसांना वेगळे ऐकू येत नाहीत, हे तुम्ही ऐकलं असेल. १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी प्रौढ जपानी लोकांना अशा शब्दजोड्या काही आठवडे ऐकवल्या, वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात, आणि दरवेळी बरोबर की चूक ते लगेच सांगितलं. लोक सुधारले. १९९७ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की असा निव्वळ ऐकण्याचा सराव केलेल्यांचे उच्चारही सुधारले, बोलण्याचा सराव त्यांना दिलेला नसताना. यातलं 'वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात' हे विसरू नका. नुसत्या नातीकडून शिकलात तर नातीचंच जपानी कळेल. मुलीला, जावयांना, शेजारच्या कुणाला पाच-पाच शब्द रेकॉर्ड करून पाठवायला सांगा.

एक मात्र पाहा. मराठीतही लोकांना पुन्हा पुन्हा "काय म्हणालात?" विचारावं लागत असेल, 'सात' आणि 'हात' यांत गल्लत होत असेल, तर कानांची तपासणी करून घ्या. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि स, श त्यातच येतात. त्याला टाळ्या पुरणार नाहीत.

प्रश्न : इंग्रजी सिरीज पाहताना सबटायटल ठेवावेत की काढावेत? मित्र म्हणतो ठेवलेस तर शिकणार नाहीस.

तू मराठी किंवा हिंदी सबटायटल ठेवत असशील तर मित्राचं बरोबर. इंग्रजी ठेवत असशील तर तुझं. २००९ मध्ये मिटरर आणि मॅक्वीन यांनी इंग्रजी चांगलं येणाऱ्या डच लोकांना अनोळखी स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन धाटणीचं इंग्रजी दाखवलं. इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्यांचा कान त्या धाटणीला सरावला. डच सबटायटल वाचणाऱ्यांच्या कानाला उलट अडथळाच झाला. कारण उघड आहे. कानावर पडतं तेच डोळ्यांना दिसलं तर डोळे कानाला मदत करतात, दुसऱ्याच भाषेत दिसलं तर कान आपला सुटीवर जातो. आवडलेला एखादा प्रसंग दुसऱ्यांदा बिनसबटायटलचा बघ. अख्खा भाग नको, कंटाळशील.

प्रश्न : आमचा मुलगा दहा महिन्यांचा आहे. या वयात कान तयार होतात असं वाचून आम्ही दिवसभर फ्रेंच आणि चिनी कार्टून लावून ठेवतो. कोणता चॅनेल चांगला?

बंद असलेला.

वाचलंत ते बरोबर वाचलंत, पण अर्धं. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठका चिनी भाषा ऐकवली. एका गटाशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं दाखवली. तिथल्या बाळांना चिनी आवाजांतले भेद ओळखता यायला लागले. दुसऱ्या गटाला तेच बोलणं पडद्यावरून किंवा नुसतं रेकॉर्डिंगमधून ऐकवलं. काहीही फरक पडला नाही. बाळ आवाज ऐकतं तेव्हा त्याला बोलणाऱ्याचे डोळे हवे असतात, तो कशाकडे बघतोय ते हवं असतं. घरात फ्रेंच किंवा चिनी बोलणारं कोणी नसेल तर राहू द्या. तुम्हा दोघांना जी भाषा मनापासून येते तिच्यात त्याच्याशी भरपूर बोला. आणि तो "बाबाबा" म्हणाला की थांबून त्याचं ऐका, मग उत्तर द्या.

प्रश्न : मॅडम, मी २२ वर्षं फ्रेंच शिकवते. "पुस्तक उघडू नका, नुसतं ऐका" हा सल्ला बेजबाबदार आहे. गाणं ऐकून कोणी गायक होतं का? माझ्याकडे असे 'ऐकून' आलेले विद्यार्थी येतात. सगळं समजतं, पण तोंड उघडलं की वाक्य धड येत नाही. याला जबाबदार कोण?

त्यातली थोडी मी. कबूल.

तुम्ही म्हणता ते कॅनडात मोठ्या प्रमाणावर दिसून आलं आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. घरी इंग्रजी बोलणारी मुलं तिथे फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत वर्षानुवर्षं बसली. त्यांना ऐकून उत्तम कळायचं, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहिल्या त्या राहिल्याच. त्यावरूनच मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की नुसतं आत घेऊन भागत नाही, भाषा बाहेर काढावी लागते. वाक्य करायला बसल्याशिवाय आपल्याला काय येत नाही हे कळत नाही. 'समजेल असं भरपूर ऐका, बाकी आपोआप येईल' हे स्टीफन क्रॅशन यांचं म्हणणं मी तरुणपणी जरा जास्तच मनावर घेतलं होतं. तेव्हा 'पहिले तीन आठवडे' हा आकडा मी मागे घेते. तो तसाही माझ्या अनुभवाचा होता, शास्त्राचा नव्हता.

पण गाण्याचा दाखला मात्र तुमच्यावरच उलटतो. गुरूसमोर बसून ऐकल्याशिवाय कोण गायक झालाय? आणि फ्रेंचच्या शिक्षिकेनं कानाला दुय्यम म्हणावं याचं मला नवल वाटतं. 'इल्झों' म्हणजे 'त्यांच्याकडे आहे' आणि 'इल्सों' म्हणजे 'ते आहेत', एका झ-सवर सगळं उभं. आणि लिहिताना शब्दाच्या शेवटी जी अक्षरं येतात त्यातली निम्मी बोलताना गिळायची. पुस्तकापासून सुरुवात केलेल्याला ती न गिळायची सवय लागते आणि ती सोडवताना तुमचं-माझं रक्त आटतं. मला पुस्तक कायमचं बंद करायचं नव्हतं. शब्द पहिल्यांदा भेटावा तो कानाला, डोळ्यांना नंतर, एवढंच मला हवं आहे.

तुम्ही विचारलंय, "मग पहिल्या दिवशी वर्गात करता तरी काय?" सांगते. वह्या दप्तरात. मी जर्मनमध्ये एक-एक आज्ञा देते आणि स्वतः करून दाखवते : ऊठ, दाराकडे जा, दार उघड, परत ये, बस. जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली, मी फक्त तिच्यात थोडा खोडसाळपणा घालते. विद्यार्थी ऐकून तसं करतात. बोलायची सक्ती नाही. मग मी करून दाखवणं बंद करते, मग आज्ञा उलटसुलट करते, मग दोन आज्ञा एका दमात देते. 'दार उघड'मधला 'उघड' जर्मनमध्ये शेवटी येतो आणि 'लाव'सुद्धा शेवटीच येतो, त्यामुळे वाक्य संपायच्या आत उठलेला हमखास चुकतो आणि सगळे हसतात.

गेल्या बॅचला पन्नाशीचे एक गृहस्थ होते, अतिशय अबोल. तीन दिवस ते नुसते उठत-बसत राहिले. चौथ्या दिवशी मी मुद्दाम भरभर बोलले : खिडकीकडे जा, पण खिडकी उघडू नकोस, खुर्ची घे आणि माझ्या हातात पुस्तक दे. ते अर्ध्या वाटेवर थांबले. एक हात खुर्चीवर. खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोणी न शिकवता, माझ्याच तोंडून शंभरदा ऐकलेला शब्द अगदी माझ्याच चालीत म्हणाले, "नोखमाल!" म्हणजे, पुन्हा एकदा.